पोळीसुद्धा चालत नाही असे आठ दिवस : मराठी ज्यूंचा पेसाख आणि त्यांचं स्वयंपाकघर

वाडी (वडोदरा) : चैत्री पौर्णिमा जवळ आली की वाडी, रावपुरा, दांडिया बाजार या भागांतल्या मराठी घरांत हनुमान जयंतीची तयारी सुरू होते. त्याच सुमारास इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, अहमदाबादमध्ये, आणखी काही मराठी घरांत वेगळीच आवराआवर चाललेली असते. डबे उपसले जातात, गव्हाचं पीठ संपवलं जातं, पाव-बिस्किटं घराबाहेर जातात, भांडी नव्याने घासून निघतात. ही घरं आहेत बेने इस्रायल समाजाची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची. आणि तयारी असते पेसाखची.

पेसाख म्हणजेच इंग्रजीतला पासओव्हर. मराठी बायबलमध्ये याला 'वल्हांडण' म्हटलंय, आणि त्याला लागून येणारं दुसरं नाव आहे 'बेखमीर भाकरीचा सण'. ज्यू लोकांचा हा सगळ्यात जुन्या सणांपैकी एक. पण तो समजून घ्यायचा तर सभागृहापेक्षा स्वयंपाकघरातून गेलेलं बरं, कारण या सणाचा बराचसा धर्म चुलीपाशीच पाळला जातो.

तारखा जुळतात कशा?

२०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी पेसाखची पहिली रात्र हनुमान जयंतीच्या दिवशी किंवा तिच्या आदल्या संध्याकाळी आली. हा काही योगायोग नाही. ज्यू पंचांगातले महिनेही चंद्रावर चालतात. पेसाख निसान महिन्याच्या १५ तारखेला, म्हणजे पौर्णिमेला येतो. आपल्याकडे अधिक महिना धरतात तसा त्यांच्याकडेही १९ वर्षांत ७ वेळा जादा महिना धरला जातो. त्यामुळे सण ऋतू सोडून भटकत नाही. अधिक महिना दोन्हीकडे एकाच वेळी आला नाही, तर मात्र एका महिन्याचा फरक पडतो. २०२१ मध्ये तसं झालं होतं. त्या वर्षी पेसाख होळीच्या पौर्णिमेला आला.

पौर्णिमा तीच, पण नैवेद्य अगदी वेगळा.

हे मराठी ज्यू आहेत तरी कोण?

बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज समुद्रमार्गे येत होते, अलिबागजवळ नवगाव इथे त्यांचं जहाज फुटलं, आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचा वंश कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावागावांत पसरला. घाण्यावर तेल काढणं हा त्यांचा मुख्य धंदा. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. आडनावं गावांवरून पडली : केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, एरूळकर. बायका नऊवारी नेसत, घरात मराठी बोलत.

पुढे नोकरीधंद्यासाठी ही माणसं मुंबई, पुणे, कराची आणि अहमदाबादला गेली. मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी समाजाचं पहिलं सभागृह बांधलं. अहमदाबादेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डॉ. अब्राहम एरूळकर यांच्यापासून समाजाची सुरुवात मानतात. तिथल्या खमासा भागातलं 'मागेन अब्राहम' हे सभागृह १९३४ चं.

म्हणजे वडोदऱ्यात गायकवाडांबरोबर आलेली मराठी घरं जशी गुजराती शहरात मराठी राहिली, तसंच काहीसं यांचंही झालं. बाहेर गुजराती, कचेरीत इंग्रजी, घरात मराठी.

सण नेमका कशाचा?

इस्रायलचे लोक मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, फेरोच्या गुलामीत होते. विटा पाडायच्या, इमारती बांधायच्या, फटके खायचे. मोशेने त्यांना तिथून बाहेर काढलं, ही या सणाची कथा. फेरो सोडायला तयार नव्हता, तेव्हा मिसरवर एकामागून एक दहा पीडा आल्या. शेवटच्या पीडेत घराघरातला पहिला मुलगा गेला. ज्या घरांच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलेलं होतं, ती घरं मात्र ओलांडून ती पीडा पुढे गेली. 'वल्हांडण' या शब्दात हेच ओलांडणं आहे. बेने इस्रायल समाजाच्या जुन्या चालीत रक्तात बुडवलेल्या पंजाचा ठसा कागदावर उठवून तो दाराशी लावत, तो याच रात्रीची आठवण म्हणून.

मग एका रात्रीत निघायची वेळ आली. कणीक मळलेली होती, पण ती फुगेपर्यंत थांबायला वेळ कुठला? तशीच न फुगलेली भाकरी भाजून लोक चालू पडले. त्या घाईची आठवण म्हणून या सणात आंबवलेलं, फुगलेलं काही खायचं नाही. इस्रायलमध्ये हे सात दिवस पाळतात, बाहेरच्या देशांत आठ.

पोळीत यीस्ट नसतं, मग ती का नको?

इथे मराठी माणसाला हमखास प्रश्न पडतो. पाव नको हे समजलं. पण आपली पोळी, चपाती, भाकरी तर बिनखमिराचीच की. मग अडचण काय?

अडचण यीस्टची नाही, वेळेची आहे. नियम पाच धान्यांना लागतो : गहू, जव, ओट, राय आणि गव्हाच्या जातीचं स्पेल्ट. यांच्या पिठाला पाणी लागलं की घड्याळ सुरू होतं. पाणी लागल्यापासून भाजून होईपर्यंत १८ मिनिटांच्या आत सगळं उरकलं पाहिजे. त्याहून जास्त वेळ पीठ नुसतं पडून राहिलं, तर ते आपोआप आंबायला लागलं असं धरतात. त्याला म्हणतात 'हामेत्झ', आणि हामेत्झ पेसाखमध्ये खायचंच काय, घरात ठेवायचंही नाही.

आता आपली पोळी बघा. कणीक भिजवली की ती अर्धा तास मुरू द्यायची, हे आपल्याकडे घरोघरी पक्कं ठरलेलं. पुरणपोळीची कणीक तर तासन्‌ तास तेलात मुरते. बेने इस्रायल घरांत महिनाभर आधी, पुरीमच्या सणाला पुरणपोळी होते. पुरीम होळीच्या आसपास येतो, म्हणून जुन्या लोकांनी त्याचं नावच 'होळीचा सण' ठेवलं होतं. पण पेसाखला तीच पोळी बाद. मऊ पोळीसाठी जे करायचं, नेमकं तेच इथे करायचं नाही.

म्हणून मात्झा करतात. नुसतं पीठ आणि पाणी. मीठ नाही, तेल नाही. भराभर मळायचं, पातळ लाटायचं, टोचून भोकं पाडायची म्हणजे फुगणार नाही, आणि लगेच भाजायचं. एकट्या बाईचं हे काम नव्हे. एकीने मळायचं, दुसरीने लाटायचं, तिसरीने भाजायचं. पुण्यात १८७४ मध्ये छापलेल्या पेसाखच्या पोथीत साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्झा करतानाचं चित्र आहे. पापड लाटायला जमलेल्या बायकाच जणू, फरक एवढाच की इथे प्रत्येक मिनिट मोजलेलं.

झाकलेलं मडकं

या समाजाचं सगळ्यात बोलकं नाव इथे येतं. कोकणात शेकडो वर्षं बाकीच्या ज्यू जगापासून तुटून राहिल्यामुळे या लोकांकडे हिब्रू ग्रंथ उरले नव्हते. मोशेची गोष्ट, सणाचं कारण, बरंच काही विसरलं गेलं. पण काय करायचं ते घरातल्या बायकांच्या हातात राहिलं. सणांना नावंही स्वयंपाकातलीच पडली : नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण.

पेसाखला म्हणत 'अनाशी ढाकाचा सण'. अनास म्हणजे आंबट पातळ तोंडीलावणं ठेवायचं मातीचं भांडं. ढाकणं म्हणजे झाकणं. त्या दिवसांत हे आंबटाचं भांडं झाकून ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही. का, हे कोणी सांगू शकत नव्हतं. आई झाकायची म्हणून लेक झाकायची. पुढे बाहेरून आलेल्या शिक्षकांनी समाजाला पुन्हा हिब्रू आणि धर्मग्रंथ शिकवले, तेव्हा कळलं की आंबवलेलं वर्ज्य करायचा नियम त्या मडक्याच्या झाकणाखाली जिवंत राहिला होता. ही परंपरेतली दावीद राहाबी यांची कथा काय किंवा एकोणिसाव्या शतकात आलेले कोचीनचे ज्यू शिक्षक काय, त्यांनी नवं घर बांधलं नाही, पाया आधीच होता.

ही नावं आज आपल्याला ठाऊक आहेत ती मुख्यतः हाइम सॅम्युएल केहिमकर यांच्यामुळे. मुंबईत १८७५ मध्ये समाजाची शाळा काढणाऱ्या केहिमकरांनी १८९७ मध्ये बेने इस्रायलांचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापून यायला मात्र १९३७ साल उजाडलं, आणि तोही तेल अवीवमध्ये.

सफाई : कल्हईपासून मेणबत्तीपर्यंत

पेसाखची साफसफाई दिवाळीच्या वरताण. पूर्वी भिंतींना चुना लागायचा, तांब्या-पितळेची भांडी कल्हईवाल्याकडे जायची. नियम असा की रोजच्या भांड्यांत गव्हाचा अंश राहिलेला असू शकतो, म्हणून एक तर पेसाखची भांडी वेगळी ठेवायची, नाहीतर रोजची उकळत्या पाण्यातून काढून शुद्ध करायची.

सणाच्या आदल्या रात्री मेणबत्ती लावून घराचे कोपरे तपासतात. कपाटामागे, डब्यांच्या तळाशी, मुलांच्या खिशात पावाचा चुरा राहिलाय का? जो सापडेल तो दुसऱ्या दिवशी सकाळी जाळायचा. मुलांना यात मजा येते, म्हणून पुष्कळ घरांत मोठी माणसंच आधी काही तुकडे मुद्दाम लपवून ठेवतात.

सेदेरचं ताट

पहिल्या रात्री, आणि इस्रायलबाहेर दुसऱ्या रात्रीही, घरचे सगळे एकत्र बसतात. या विधीला 'सेदेर' म्हणतात, म्हणजे क्रम. मधोमध एक ताट असतं, आणि त्यातला प्रत्येक पदार्थ कथेतलं काही ना काही सांगतो.

कडू पाला : गुलामीचा कडूपणा.

हिरवी कोथिंबीर किंवा तसाच दुसरा पाला, मिठाच्या पाण्यात बुडवून : वसंत ऋतू आणि डोळ्यांतलं पाणी.

भाजलेलं हाड : देवळात दिलं जाणारं वल्हांडणाचं कोकरू.

उकडून भाजलेलं अंडं : सणाच्या दिवशीचं अर्पण.

हारोसेत : विटा जोडायचा चिखल. हा मात्र गोड असतो.

शिवाय तीन मात्झा, आणि प्रत्येकाने प्यायचे द्राक्षरसाचे चार पेले. एक पेला एलिया संदेष्ट्यासाठी भरून ठेवतात. बेने इस्रायल समाजात एलियाला, त्यांच्या भाषेत एलियाहू हन्नाबीला, फार मोठा मान आहे. त्याच्या नावाने वर्षभर मलिदा होतो, नवस फेडले जातात. त्यामुळे त्याचा पेला इथे नुसता रिवाज राहत नाही, घरच्या माणसाची वाट पाहिल्यासारखा तो ठेवला जातो.

खजुराचा शिरा, मनुकांचं सरबत

युरोपातले ज्यू हारोसेत सफरचंद आणि अक्रोडाचा करतात. बेने इस्रायल घरांत तो खजुराचा. त्याला म्हणतात शिरा, पण रव्याशी त्याचा काही संबंध नाही. पेसाखला रवा घरातच नसतो.

कृती साधी, पण वेळखाऊ. बिया काढलेला खजूर पाण्यात भिजवायचा, मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. गार झाला की हाताने कुस्करून मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायचा. खाली येणारा गडद रस मंद आचेवर ठेवून आटवायचा. बुडाला लागू नये म्हणून सतत ढवळत राहायचं. काकवीसारखा दाट झाला की उतरवायचा. साखर लागत नाही. वरून बदाम-अक्रोडाचे तुकडे. मात्झाच्या कोरड्या तुकड्याला हा शिरा लावून खाल्ला की त्या बेचव भाकरीला चव येते.

पेल्यांचाही प्रश्न होता. चार पेले द्राक्षांचेच हवेत. पण ज्यू नियमाप्रमाणे केलेली वाइन कोकणात कुठून मिळणार? मग उपाय निघाला काळ्या मनुकांचा. मनुका धुऊन पाण्यात भिजवायच्या, पिळून-गाळून त्याचं सरबत करायचं. द्राक्षाचा रस तर झाला, आणि बाजारावर अवलंबूनही राहायला नको. गुजरातमध्ये राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. तिथल्या ज्यू घरांना या सरबताची सोय किती मोठी, हे वेगळं सांगायला नको.

मटण, नारळाचं दूध आणि भात

जेवणात मटणाचा किंवा कोंबडीचा रस्सा. ज्यू नियमात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. त्यामुळे रश्शाला दही नाही, तूप नाही, साय नाही. दाटपणा येतो नारळाच्या दुधाने. कोकणात नारळ दारातच, म्हणून हा नियम पाळणं या बायकांना कधी जड गेलं नाही. हिरवं वाटण म्हणजे कोथिंबीर, मिरची, आलं, लसूण, आणि वरून नारळाचं दूध. कोकणातल्या कोणत्याही घरात ओळखीचा वाटेल असा हा रस्सा.

आणि सोबत भात. इथे एक मोठा फरक आहे. युरोपातल्या ज्यूंमध्ये पेसाखला तांदूळ आणि कडधान्यंही वर्ज्य मानायची रूढी पडली. बेने इस्रायल, इराकी आणि इतर अनेक पौर्वात्य ज्यू मात्र तांदूळ खातात, कारण तो त्या पाच धान्यांत येत नाही. कोकणी माणसाला आठ दिवस भात नाही म्हटलं तर सण कसला, उपासमारच. तांदूळ मात्र नीट निवडून घ्यायचा, चुकून गव्हाचा दाणा राहू नये म्हणून.

गोडातही हीच पारख. ज्यू नववर्षाला, रोश हाशानाला, बेने इस्रायल घरांत गव्हाच्या चिकाचा आणि नारळाच्या दुधाचा हलवा होतो. तो या समाजाचा मानाचा पदार्थ. पण चीक काढायला गहू भिजत घालावा लागतो, म्हणून पेसाखला तो नाही. तेव्हा गोडाची जागा खजूर भरून काढतो.

कथा मराठीत सांगितली म्हणून

सेदेरचा खरा गाभा जेवण नाही, प्रश्न आहे. घरातलं सगळ्यात लहान मूल विचारतं की आजची रात्र वेगळी का? रोज पाव खातो, आज मात्झाच का? आज कडू पाला का? मग मोठ्यांनी मिसरची गोष्ट सांगायची. मुलाला सांगणं हेच कर्तव्य. आणि सांगायचं तर मुलाला कळेल अशा भाषेत सांगायला हवं.

या रात्री जी पोथी वाचतात तिला 'हग्गादा' म्हणतात. मुंबईत १८४६ मध्ये हिब्रूसोबत मराठी भाषांतर असलेली हग्गादा शिळाप्रेसवर छापली गेली. वर उल्लेख केलेली पुण्याची १८७४ ची पोथी त्यानंतरची. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच या समाजाने ठरवलं होतं की आपल्या मुलांना ही गोष्ट मराठीतून कळली पाहिजे.

आज अडचण इथेच आहे. १९५१ च्या जनगणनेत देशात २६ हजारांहून जास्त ज्यू होते. त्यानंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. २०११ मध्ये आकडा साडेचार हजारांच्या आसपास उरला होता. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये आणि गुजरातने २०१८ मध्ये ज्यूंना धार्मिक अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तोवर रेवदंडा, पेण, पनवेलसारख्या ठिकाणी सभागृहं उभी होती, पण प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला धावपळ करावी लागत होती.

इस्रायलमध्ये गेलेल्यांनी मराठी लगेच टाकली नाही. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक नोहा मस्सील यांच्या संपादनाखाली निघत आलंय. पण तिथे जन्मलेली नातवंडं प्रश्न विचारतात ते हिब्रूत. आजीला मराठीत सांगायची सवय, नातवाला मराठी जेमतेम कळते. अशा वेळी मधे खजुराचा शिरा असतो, नारळाच्या दुधातला रस्सा असतो. त्यांची नावं तरी मराठीतच राहतात. अहमदाबादच्या लेखिका एस्थर डेव्हिड यांनी 'बेने अॅपेटिट' या २०२१ च्या पुस्तकात भारतातल्या ज्यूंचे असे पदार्थ लिहून ठेवलेत, ते याच कारणाने मोलाचे. मडकं झाकायची रीत न लिहिता टिकली, कारण तेव्हा बघून शिकणारी लेक त्याच घरात होती. आता ती दुसऱ्या देशात आहे.

शेजारी ज्यू असेल तर

तुमच्या ओळखीत असं घर असेल, तर पेसाखच्या आठ दिवसांत जाताना एवढं लक्षात ठेवा. पाव, केक, बिस्किटं, बाजारची मिठाई, फरसाण नेऊ नका. कितीही प्रेमाने नेलं तरी त्यांना ते घरात ठेवता येणार नाही, आणि नको म्हणताना त्यांनाच संकोच वाटेल. ताजी फळं न्या, शहाळी न्या. शुभेच्छा द्यायच्या तर 'हाग सामेआख' म्हणा, म्हणजे 'सण आनंदाचा जावो'. आणि सेदेरला बसायचं आमंत्रण आलं तर जरूर जा. भूक असलेल्याने येऊन जेवावं, असं बोलावणं त्या रात्री मोठ्याने देण्याची त्यांच्यात रीतच आहे. फक्त घरून थोडं खाऊन निघा. आधी गोष्ट पूर्ण होते, मग पानं वाढतात.